करुणाच्या चाचणीचा कागद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि निवृत्तीच्या समारंभात माझ्या शुद्ध वाणीचं कौतुक करणाऱ्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, पण तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून नव्हे. नका घेऊ.

मी जिल्ह्यातल्या एका सरकारी रेडिओ केंद्रावर उद्घोषिका होते. संध्याकाळी पाच ते सहा माझा भावगीतांचा कार्यक्रम. पार पुणतांब्याहून पोस्टकार्डं यायची. पुढं ती आटली, आणि वरून हुकूम आला — तरुण श्रोते आणा. नवी गाणी लावा, फर्माइशी मोबाईलवर घ्या. माझा तास गेला. मिळाला करुणाला.

करुणा राहुरीची, तेवीस वर्षांची. वडील साखर कारखान्यात कामगार. ती हंगामी उद्घोषिका — दरवर्षी आवाजाची चाचणी द्यायची, पास झाली तर पुढचं वर्ष. "काय मंडळी, सुटलं का कॉलेज? मी करुना!" अशी सुरुवात करायची. मग रॅप, रिमिक्स, आणि मधेच "लई भारी गानं हाय हे." माझ्या माईकवर! मला ऐकवत नसे. पण केंद्राचा मोबाईल निरोपांनी भरून जाई. श्रीरामपूरच्या एका मुलीनं म्हटलं होतं, "ताई, तुमी आमच्यासारखं बोलता, म्हनून रेडिओ लावते." केंद्राच्या साहेबांनी तो निरोप मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवला. सगळे कौतुकानं हसले. मीही हसले — दात दिसतील इतपत.

राग कशाचा होता? भाषेचा, असं मी स्वतःला बजावत असे. खोटं. मला वर्षभरात आली नसतील इतकी माणसं तिच्याशी आठवड्यात बोलत होती — एवढंच होतं ते.

त्या वर्षी चाचणीचा उतारा काढायचं आणि परीक्षकांत बसायचं काम माझ्याकडे आलं. एरवी हवामानाची साधी बातमी वाचायला देत. मी ती बाजूला ठेवली आणि नवा कागद लिहिला. शब्द वेचून वेचून — क्षणोक्षणी, रणांगण, प्राणपणानं, निर्वाणीचा. दोन दिवस लागले. इतक्या निगुतीनं मी एकही कार्यक्रम लिहिलेला नाही.

ती अडखळली. अडखळणारच होती. तरी साहेब म्हणाले, "असू द्या, कार्यक्रम पोरांचाच आहे." आता ती सुटणार, असं दिसलं आणि मी म्हणाले,

"तुमचं नाव सांगा."

"करुना."

"पुन्हा."

"करुना."

"अहो, स्वतःचं नाव तरी नीट घ्या!"

बाहेरून आलेले परीक्षक खो खो हसले. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं — आवाजच फुटला नाही. मी शांतपणे नापासाचे गुण लिहिले. साहेबांनी सही केली. नियमात सगळं बसत होतं.

तो तास मलाही मिळाला नाही. मुंबईहून येणारा तयार कार्यक्रम लावला त्यांनी. केंद्राचा मोबाईल मात्र माझ्याकडे आला. "करुनाताई कुठंय?" — रोज निरोप. मी एकेक पुसत गेले. महिनाभरात यायचे थांबले.

गेल्या वर्षी राहुरीत मोबाईलला काच बसवायला एका दुकानात शिरले, तर काउंटरवर ती. उठून उभी राहिली, खुर्ची दिली, चहा मागवला. बोलणं सावकाश झालेलं. प्रत्येक 'ण'च्या आधी थांबायची, गिऱ्हाइकाशी बोलतानासुद्धा. हसली नाही एकदाही.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही टोकलं नसतं, तर माझी चूक मला कळलीच नसती," ती म्हणाली. "रोज मोठ्यानं वाचते आता. या वर्षी परत अर्ज करू का?"

तेव्हा सांगता आलं असतं. चूक तुझी नव्हती, तो कागद मी तुझ्यासाठी रचला होता — दोन वाक्यं. तिचा चेहरा समोर होता, आशेनं उजळलेला, आणि मला पुन्हा तोच जुना राग आला. ही अजून माईकची स्वप्नं बघते?

"वयात बसणार नाहीस तू," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. काच पुसून मोबाईल माझ्या हातात दिला. मी चहा संपवून निघाले.

वयात बसत होती ती. अजून सहा वर्षं होती.