चांगुणाबाईंची जाळीदार भाकर

चांगुणाबाईंच्या घरात सगळ्यात वरच्या फळीवर, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या पितळी तांब्यांच्याही वर, एक लोखंडी वस्तू होती. बिडाच्या दोन जाड चौकोनी पाट्या, एका बाजूला बिजागरीने जोडलेल्या, दुसऱ्या बाजूला हातभर लांबीचे दोन दांडे. पाट्यांच्या आतल्या अंगाला उंच कडांच्या चौकटी होत्या, मुलांच्या गणिताच्या वहीसारख्या. ते काय आहे हे आमच्या कॉलनीत कोणाला सांगता येत नसे. समोरची सखुबाई म्हणायची, "चांगुणे, उंदराचा पिंजरा एवढ्या उंचावर? उंदराला शिडी लावलीस का?" चांगुणाबाई नुसत्या हसायच्या. महिन्यातून एकदा त्या वस्तूला तेलाचा हात लावून ती पुन्हा जागेवर ठेवायच्या.

ही नाशिकरोडची, सत्तर सालानंतरची गोष्ट. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते आणि आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत होती. त्या भिंतीतून ऐकू येणाऱ्या भांड्यांच्या आवाजावरून मला त्यांचा स्वयंपाक कळत असे.

त्यांनी देवळाली कॅम्पात खोर्शेदबाई नावाच्या एका पारशी बाईंच्या बंगल्यात अकरा वर्षं स्वयंपाक केला होता. एकोणसत्तर साली बाई बंगला सोडून मुंबईला मुलाकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी कामाच्या माणसांना सांगितलं, प्रत्येकाने आवडेल ती एकेक वस्तू घ्या. माळ्याने आरामखुर्ची घेतली. बायडाबाई भांडी घासायची, तिने भिंतीवरचं घड्याळ घेतलं. चांगुणाबाईंनी हा साचा मागितला. त्यात त्या दर रविवारी वॉफल, म्हणजे साहेबी जाळीदार घावन, करत. मैदा, चार अंडी, साखर, वाटीभर लोणी. भाजून निघाला की त्याच्या चौकटीचौकटीत पाक भरून बशी टेबलावर जाई.

मी एकदा विचारलं होतं, "घड्याळ सोडून हेच का घेतलंत?"

"घड्याळ मी पुसलंवतं फक्त," त्या म्हणाल्या. "ह्याच्यावर माझा हात बसलावता."

पण घरी त्यांनी तो कधी चुलीवर ठेवला नाही. त्याचं कारण मल्हारीदादा, त्यांचे यजमान. मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात ते फिटर होते, शनिवारी घरी यायचे. त्यांच्या आईवडिलांनी गावात दारोदारच्या उरलेल्या भाकरीवर दिवस काढले होते. छप्पन साली धम्म स्वीकारल्यावर दादांनी घरात एक नियम केला. दुसऱ्याच्या घरचं उरलेलं या उंबऱ्याच्या आत येणार नाही. बंगल्यावर कामाला जायला त्यांची हरकत नव्हती, पण तिथला घाससुद्धा पदराआड येता कामा नये. चांगुणाबाईंनी तो नियम अकरा वर्षं पाळला. साचा हे अन्न नव्हे, लोखंड आहे, असं म्हणून तेवढा त्यांनी आणला. दादांनी त्याच्याकडे पाहिलं, बिजागरी दोनदा उघडमीट केली, "बनावट चांगली हाय" म्हणाले आणि विषय संपला. तरी बंगल्याचं खाणं या घरात करायला चांगुणाबाईंचा हात गेला नाही.

ऐंशी साली दादा निवृत्त झाले. दुसऱ्याच पावसाळ्यात त्यांना हृदयाचा झटका आला. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी चांगुणाबाईंना समोर बसवून सगळं सांगितलं. तूप, लोणी, साखर, तळलेलं बंद. अंड्याचा पिवळा भाग बंद. सकाळी ओट्स खायचे, आणि त्यानंतर गोळ्या. रिकाम्या पोटी गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत.

ओट्सचा डबा बाजारातल्या एका दुकानात मिळाला. चांगुणाबाईंनी लापशी करून बशी पुढे ठेवली. दादांनी वास घेतला आणि बशी बाजूला सारली.

"ही जई हाय."

"डॉक्टरांनी लिवून दिलीय."

"घोड्याच्या तोंडाला बांधत्यात त्या तोबऱ्यातली जई ही. डॉक्टरांना सांग, मी घोडा नाय."

दादा कॅम्पातच वाढले होते. त्यांचे वडील लष्कराच्या तबेल्यात कामाला होते, एवढं मला ठाऊक होतं. त्यापलीकडे ना त्यांनी सांगितलं, ना चांगुणाबाईंनी विचारलं. दादा चहात खारी बुडवून खाऊ लागले. त्यावर गोळ्यांनी पोटात आग व्हायची, मग ते गोळ्या टाळायचे. सप्टेंबरात छातीत पुन्हा दुखलं. चार दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टरांनी बाहेरच्या व्हरांड्यात चांगुणाबाईंना सांगितलं, हे असंच चाललं तर पुढचा पावसाळा बघायला मिळणार नाही.

त्या संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या. पदराखाली ओट्सचा डबा होता.

"बाई, तुमच्या स्टोव्हवर भाजू का? आमच्या घरात ह्यांना वास जाईल. शिजवली की वास कळतो. खरपूस भाजली की बदलतो."

मी त्यात सामील झाले, हे मला इथे लिहायलाच हवं. माझ्याकडे नुकताच मिक्सर आला होता. ओट्स आम्ही भाजले, दळले, आणि ते पीठ एका साध्या डब्यात भरून त्यांनी घरी नेलं. मग साचा खाली उतरला.

बंगल्यातला वॉफल त्यांना डोळे मिटून करता आला असता. हा निराळा होता. लोणी नाही, साखर नाही, पिवळा बलक नाही. पहिला साच्याला असा चिकटला की विणायच्या सुईने चौकट चौकट कोरून काढावा लागला. दुसरा निघाला, पण तो पुठ्ठ्यासारखा. त्यांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला, जशी मी एखाद्या मुलाची चुकलेली वही पाहते. मग एकेक गोष्ट बदलली. पीठ रात्रभर ताकात भिजवलं. साखरेऐवजी पिकलेलं केळं कुस्करलं. अंड्याचा पांढरा भाग काट्याने इतका फेटला की वाडगं उपडं केलं तरी तो हलेना, आणि तो अगदी शेवटी, हलक्या हाताने मिसळला. साचा आधी चांगला तापवायचा, अर्धा कांदा तेलात बुडवून चौकटींवरून फिरवायचा, पीठ घालून मिटायचा, एकदा उलटा करायचा. कडेने वाफ येते. वाफ यायची थांबली की झालं. त्याआधी उघडला तर दोन तुकडे.

चौथ्या दिवशी दादांच्या ताटात ती जाळी पडली, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ.

"काय हाय हे?"

"कॅम्पातली भाकर. बंगल्यावर करायची मी."

"तिथलं उरलेलं तर नाय?"

"बाई मुंबईला जाऊन बारा वर्सं झाली. एवढी टिकल का?"

दादा हसले. बंगल्यात त्या चौकटींमध्ये पाक भरत, दादांनी दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी भरली. एक चौकट भरली की दुसरी, एकही रिकामी न ठेवता, कारखान्यात यंत्राला वंगण घालावं तसं मन लावून. दोन खाल्ल्या आणि गोळ्या घेतल्या.

त्यानंतर रोज सकाळी भिंतीपलीकडून साचा उलटल्याचा आवाज येऊ लागला. डिसेंबरात दादा गल्लीच्या टोकापर्यंत चालू लागले, फेब्रुवारीत स्टेशनपर्यंत. पीठ कसलं, असं त्यांनी एकदोनदा विचारलं. चांगुणाबाई खोटं बोलल्या नाहीत. त्या ऐकू न आल्यासारखं करून स्टोव्हला पंप मारायच्या.

"कधी सांगणार?" मी विचारलं.

"मार्चात तपासणी हाय. डॉक्टर बरं म्हणले की सांगते."

मार्चात डॉक्टर बरं म्हणाले. "आता पावसाळा जाऊ द्या," चांगुणाबाई म्हणाल्या. पावसाळाही गेला.

ब्याऐंशीच्या नोव्हेंबरात दुकानातले डबे संपले. मुंबईहून माल आला नाही, कधी येईल सांगता येत नाही, असं दुकानदार म्हणाला. चांगुणाबाईंनी पेठ तालुक्याकडची नाचणी आणून करून पाहिली. ती साच्यात दगडासारखी बसली. दादांनी एक तुकडा मोडला आणि म्हणाले, "आजची ती नाय." गव्हाची केली, तीही त्यांनी अर्धी ठेवली. त्या दिवशी गोळ्या तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चांगुणाबाईंनी चंदर टांगेवाल्याला गाठलं. चंदर आपल्या घोडीसाठी कॅम्पातून जई आणायचा. त्याच्याकडून त्यांनी अर्धं पोतं विकत घेतलं आणि माझ्या मागच्या दारी उतरवलं. सबंध जई, वर तूस असलेली. ती भाजली, उखळात कांडली, सुपात तीनदा पाखडली. मी चष्मा पुसून पुसून निवडली. आम्हा दोघींच्या मते त्यात एकही तूस उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वाटी परत द्यायला मी त्यांच्याकडे गेले होते. दादा खात होते. खाता खाता थांबले. दातात अडकलेलं काहीतरी त्यांनी बोटाने काढलं आणि तळहातावर ठेवलं. पिवळट, भाताच्या तुसासारखं, पण लांबट, एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार. ते बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

"चांगुणा, ही जई."

"हो."

"किती दिवस?"

"चौदा महिने."

दादांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटीकडे पाहिलं.

ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते हळू आवाजात बोलले, तळहातावरच्या तुसाशी बोलावं तसे. "नऊ वर्सांचा होतो मी. दुपारी घोड्यांचे तोबरे सोडले की तळाला मूठभर जई राहायची. मी ती चोरून खिशात भरायचो. आई दळायची. एकदा स्वारानं हात धरला. मारलं नाय त्यानं. तोबरा उचलला आन् माझ्या तोंडाला बांधला. म्हणला, खा. तबेल्याची सगळी लाईन हसली. माझा बापबी हसला. त्याला हसावंच लागलं."

स्टोव्ह चालू होता. साच्यातली वाफ केव्हाच थांबली होती, पण तो कोणी उघडला नाही.

"चाळीस वर्सांत हे सांगितलं नाय तुमी," चांगुणाबाई म्हणाल्या.

"सांगायसारखं हाय का ते?"

त्यांनी पाण्याचा तांब्या दादांपुढे ठेवला. मग म्हणाल्या, "ठावं असतं तरी केली असती मी. पण तुमच्याफुडं केली असती. लपवून नसती केली."

दादा उठले, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेले. साच्यात राहिलेली भाकर कोळशासारखी निघाली.

पुढचे दोन दिवस भिंतीपलीकडून काहीच आवाज आला नाही. दादांनी सकाळी नुसता कोरा चहा घेतला. गोळ्या बशीत पडून राहिल्या. चांगुणाबाईंनी त्यांना विनवलं नाही, दुसरं काही करूनही दिलं नाही, आणि स्वतःही सकाळचं काही खाल्लं नाही. साचा त्यांनी घासून ठेवला होता, पण वरच्या फळीवर नाही, स्टोव्हशेजारी. मी शाळेत गेले तरी माझं लक्ष त्या बशीकडे होतं. मी निवडलेल्या धान्यातलं तूस होतं ते. आणि चौदा महिने मीही गप्प बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी सूप पाखडल्याचा आवाज आला. आवाज घरातून नव्हे, बाहेरून येत होता. मी दार उघडलं. मल्हारीदादा पुढच्या ओट्यावर, सगळ्या गल्लीला दिसेल असे बसले होते. माझ्या मागच्या दारचं पोतं त्यांच्या शेजारी होतं, पुढ्यात सूप, डोळ्यांवर कारखान्यातला जुना चष्मा. ते कांडलेली जई निवडत होते. फिटरचीच नजर ती. पाव तासात तुसांचा एवढा ढीग झाला की मला शरम वाटली.

"बाई," ते मान वर न करता म्हणाले, "तुमची नजर वह्या तपासायला ठीक हाय."

"दादा, तुम्ही खाणार?"

"तवा उरलेली होती, म्हणून लपवून खाल्ली. ही विकत घेतलीय. लपवायची कशाला?"

दाराशी चांगुणाबाई वाडगं घेऊन बसल्या होत्या आणि अंड्याचा पांढरा भाग फेटत होत्या. आत स्टोव्हवर साचा तापत होता. सखुबाई दुधाचं भांडं घेऊन चालली होती, ती थांबली.

"दादा, ही तर जई. घोडा घेतला का काय?"

"घोडा कशाला? मीच खातो," दादा म्हणाले. "ये, बस. एक खाऊन जा."

सखुबाई भांडं मांडीवर घेऊन पायरीवर बसली.

दादांनी निवडलेली जई ताटात पसरली आणि ताट चांगुणाबाईंपुढे सरकवलं. "बघ. ह्यात एक तूस दिसलं तर सांग."

चांगुणाबाईंनी वाडगं खाली ठेवलं. ताट उजेडात तिरकं धरलं आणि बोट फिरवत फिरवत बराच वेळ पाहिलं. मग कडेचं एक बारीकसं तूस चिमटीत उचललं आणि दादांच्या तळहातावर ठेवलं.

दादांनी ते चष्म्याजवळ नेऊन पाहिलं.

"एवढं चंदरच्या घोडीला," ते म्हणाले, आणि बशीतल्या गोळ्या जवळ ओढून ताट वाढायची वाट पाहत बसले.