राखाडी चौकटीचं उद्घाटन

आमच्या माण तालुक्यात बांध कोरणाऱ्याला माफी नसते. कुणी वीतभर बांध कोरला तर माणूस त्याच्याशी बोलणं टाकतो, त्याच्या घरच्या लग्नाला जात नाही, मयताला गेला तरी लांब उभा राहतो. मी त्याच मातीतली आहे. त्यामुळे माझ्या साहेबानं माझं काम स्वतःच्या नावावर केलं, तेव्हा 'जाऊ दे' म्हणायला मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

सांगलीतल्या एका संस्थेत मी नोकरीला होते. शेतकऱ्यांना पाणलोटाचं प्रशिक्षण द्यायचं आणि त्यासाठी चित्रं, व्हिडिओ तयार करायचे, हे आमचं काम. तिथं मी एक खेळ केला. पडद्यावर डोंगर, उतारावर शेतं. माउसनं दगड उचलून हवे तिथं बांध घालायचे आणि मग ढगावर क्लिक करायचं. पाऊस पडायचा, पाण्याचा आवाज यायचा, आणि बांध चुकीच्या जागी असेल तर तो फुटून खालची सगळी शेतं वाहून जायची. त्या काळी हे नुसत्या ब्राउझरला जमत नसे. मागं नांगर जोडल्याशिवाय ट्रॅक्टरनं नांगरट होत नाही, तसं ब्राउझरला प्लग-इन नावाचा जोड बसवावा लागे. हलती चित्रं, आवाज, क्लिक केल्यावर मिळणारं उत्तर, सगळं तो जोड करी.

गावोगावी लोक खेळायला बसले की हटकून एकच चूक करत. पहिला दगड आपल्या शेताच्या कडेला. माथ्यावर कुणी जातच नसे, कारण माथा कुणाच्याच मालकीचा नाही. मग पाणी वरून यायचं आणि सगळ्यांना घेऊन जायचं. लोक हसायचे, एकमेकांना शिव्या द्यायचे आणि पुन्हा पहिल्यापासून खेळायचे. त्या खेळावर माझा फार जीव होता.

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझं नाव होतं. साहेब म्हणाला, "नाव काढा, संस्थेचं काम आहे." त्याला मी 'म्हणाले' म्हणणार नाही, एवढा मान माझ्याकडे शिल्लक नाही. मी नाव काढलं. पुढं साताऱ्यात एका कार्यक्रमात तोच खेळ पडद्यावर लागला आणि त्याच्या वर, पानाच्या मथळ्यात, साहेबाचं नाव ठळक अक्षरात: संकल्पना आणि निर्मिती. शाल झाली, नारळ झाला. रात्र रात्र जागून आपण हे कसं केलं ते तो माईकवर सांगत होता, आणि खाली बसून माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला.

मी गावी परत निघताना त्यानं खेळाची फाइल मागून घेतली. तयार झालेली, चालणारी. ज्या मूळ फाइलीत खेळ उघडून बदलता येतो ती मागायचं त्याला सुचलं नाही, कारण अशी काही असते हेच त्याला ठाऊक नव्हतं. गूळ घेऊन गेला, ऊस माझ्याकडेच राहिला.

मग ते प्लग-इन कायमचं बंद होणार अशी बातमी आली. त्यातून कॉम्प्युटरला धोका होतो, आता ब्राउझर हे सगळं स्वतःच करतील, असं कारण होतं. आमच्या धंद्यातले लोक हळहळले. मी साताऱ्याहून कंदी पेढे आणले आणि घरात वाटले.

"ह्ये कशाचं पेढं गं?" आईनं विचारलं.

"एकाच्या तेराव्याचं गोड हाय म्हण."

फोन करून त्याला सावध करता आलं असतं. केला नाही. उलट तोच खेळ मी घरी बसून नव्यानं बांधला, कुठल्याही जोडाशिवाय चालणारा, आणि टपून बसले.

संधी माझ्याच गावात चालून आली. समाजमंदिरात संस्थेचं प्रशिक्षण होतं. एक मोठे अधिकारी पाहुणे होते आणि फीत कापण्याऐवजी त्यांनी माउस क्लिक करून उद्घाटन करायचं असं ठरलं होतं. साहेबाच्या ऑफिसातल्या जुनाट कॉम्प्युटरवर खेळ अजून कसाबसा चालत होता, पण त्या दिवशी दिखाव्यासाठी त्यानं नवाकोरा लॅपटॉप आणला. मी बायकांत जाऊन बसले. पाहुण्यांनी नारळ फोडला आणि क्लिक केलं. पडद्यावर राखाडी चौकट आली, तिच्यात इंग्रजीतून एवढंच, की प्लग-इन चालत नाही. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या. पाहुण्यांनी पुन्हा क्लिक केलं. पुन्हा चौकट.

साहेबानं वायर हलवून बघितली. घाम पुसताना त्याची नजर माझ्यावर पडली.

"मॅडम, जरा बघता का? तुम्हाला यातलं कळतं."

मी पेनड्राइव्ह हातात धरून पुढं गेले. "बघते. आधी हा खेळ कुणी केला ते माईकवर सांगा."

"आमच्या टीमनं..."

मी मागं वळले. तेव्हा त्यानं सांगितलं. माझं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट, माझ्या सगळ्या गावासमोर. मला फार आनंद झाला. पण तेवढ्यानं माझं पोट भरलं नाही. मी पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकला आणि लोकांना म्हणाले, "खेळ माझा हाय. ज्यास्नी बघायचा त्यांनी आमच्या घरी, सोप्यात या."

आधी बायका उठल्या, मग पुरुष. समाजमंदिरात पाहुणे, साहेब आणि चहाचे कप उरले. थोड्या वेळानं पाहुणेही आमच्या घरी आले, त्यांना आईनं खुर्ची दिली. सगळ्यात शेवटी साहेब आला आणि दारात घुटमळला.

"आवं सायेब," आई म्हणाली, "बूट भायेर काढा आन् मागं बसा."

तो बसला. खेळ तोवर निम्म्यावर आला होता. मी थांबवला आणि परत पहिल्यापासून लावला, जिथं पडदाभर नुसतं माझं नाव दिसतं.