आधी मागचा दिवा

गाडीचे पुढचे दिवे बंद पडले म्हणून माणूस यायचा आणि बत्तीवाले चाचा सरळ गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे. अहेरीतल्या त्यांच्या टपरीवर पहिल्यांदाच आलेला ड्रायव्हर हमखास वैतागायचा, बिघाड इकडे आहे म्हणून सांगायचा. चाचा मागच्या लाल दिव्याची काच खोलत थकल्या आवाजात म्हणायचे, "समोरचा दिवा तुह्या कामाचा. मांगचा दुसऱ्याच्या कामाचा. पहिले दुसऱ्याचं पाहू दे."

नव्वदीच्या अखेरीस मी अहेरी-सिरोंचा भाड्याची जीप चालवत होतो. तो रस्ता गाडीत काही घट्ट म्हणून ठेवायचा नाही. कधी होल्डर सैल, कधी पत्र्यावर घासून उघडी पडलेली वायर, पावसाळ्यात सॉकेटमध्ये हिरवट गंज. चाचांनी जोडलेलं आठवड्यात पुन्हा सुटायचं. त्याचा त्यांना रागही येत नसे. "मी जोडून राह्यलो, रस्ता सोडून राह्यला," एवढं म्हणून ते गुडघ्यावर हात देत उठायचे. दुपारनंतर तर त्यांना उठताना बघवत नसे.

एकदा माझ्या जीपमध्ये ब्रेक दाबला की डॅशबोर्डवरचा इंडिकेटरचा हिरवा दिवा मिणमिणू लागला. आधी मी दुसरीकडे दाखवून स्विच बदलून घेतला होता, फरक पडला नव्हता. चाचांनी मला ब्रेकवर पाय ठेवून बसायला सांगितलं आणि दोन वायरी जोडलेला आपला तपासायचा बल्ब घेऊन ते मागे गेले. ब्रेकवरचा पाय न काढता मी बाहेर वाकून मागे पाहिलं, तर मागच्या दिव्याची अर्थिंगची वायर काढून तिच्याखालचा गंज ते पॉलिश पेपरने घासत होते. स्क्रू आवळला आणि हिरवा दिवा गप झाला. "करंटले वापस जायले वाट नव्हती," ते म्हणाले. "मंग ज्याचं दार उघडं दिसलं त्याच्या घरी घुसला."

असा मवाळ माणूस. त्याला मी एकदाच अडून बसलेला पाहिला.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. एका ठेकेदाराचा ट्रॅक्टर आला, मागे ट्रॉलीत मजूर बाया खच्चून बसलेल्या. हेडलाईट लागत नव्हता. चाचांनी तो लावून दिला आणि ट्रॉलीला मागे दिवाच नाही, दिव्यापर्यंत वायरही नाही, तेवढं करून देतो म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, उद्या पाहू. चाचांनी हेडलाईटचा फ्यूज काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

थोड्या वेळाने ठेकेदार स्वतः आला. त्याने शिव्या दिल्या, मग चाचांची कॉलर धरली. आम्ही दोघे-तिघे मधे पडायला उठलो. चाचांनी त्याचा हात झटकला नाही की आवाज चढवला नाही.

"मारायचं तर मारा, मालक," ते म्हणाले. "पण ट्रॉली अशी नाई जायची."

मग ट्रॉलीतून एक वयस्क बाई उतरली, टपरीच्या सावलीला येऊन बसली आणि म्हणाली, "लावू द्या जी त्याले. आमी बसतो." तिच्यामागे बाकीच्याही उतरल्या. मजूरच उतरल्यावर ठेकेदाराचा इलाज चालेना. चाचा ट्रॉलीखाली पाठीवर सरकत वायर ओढत राहिले. ऊन उतरता उतरता ट्रॅक्टर निघाला तेव्हा मागे लाल दिवा पेटलेला होता. त्या ठेकेदाराची गाडी मात्र पुन्हा टपरीवर आली नाही. त्याचं पाहून इतर ठेकेदारांच्याही कमी झाल्या.

एवढं कशापायी अंगावर घेतलं, असं मी विचारलं, तर चाचा दुसऱ्या गाडीच्या मागे जाऊन बसले. सांगितलं ते चाचींनी, नंतर केव्हातरी, घरी चहा देताना. फार वर्षांपूर्वी असाच एक ट्रॅक्टर घाईत होता. मालक म्हणाला, समोरचंच कर, आणि चाचांनी समोरचंच करून सोडला. तो आलापल्लीच्या वाटेवर बंद पडून रस्त्यातच उभा राहिला. दिवेलागणीला चाचांचा धाकटा भाऊ मोटरसायकलवरून घरी येत होता. त्याला ट्रॉली दिसलीच नाही. "तवापासून हे असेच हायेत," चाची म्हणाल्या. "कोनाले दोष नाई देत. स्वतःलेच देतात."

पुढे नव्या गाड्या आल्या. त्यांची वायरिंग चाचांना उलगडायची, पण हात कापू लागले आणि बारीक स्क्रू बोटांतून निसटू लागले. चाची गेल्या. चाचांनी टपरी विकली आणि ते मुलीकडे बल्लारपूरला राहायला गेले. निघताना त्यांनी मला तो दोन वायरींचा तपासायचा बल्ब दिला. मी एसटीपर्यंत सोडायला गेलो.

वर्षभराने भाडं घेऊन मी बल्लारपूरला गेलो, तेव्हा पत्ता विचारत त्यांच्या घरी पोचलो. अंगणातल्या कडुनिंबाखाली बाजेवर चाचा झोपले होते. तोंड अर्धवट उघडं, हात पोटावर, बोटांवरचे काळे डाग पार निघून गेलेले. मुलीने हळूच विचारलं, "उठवू का, भाऊ? तुमची लई आठवण काढतात."

मी नको म्हणालो. चहा घेतला, थोडा वेळ बाजेशेजारी बसलो आणि निघालो. त्या पावसाळ्यात ते गेल्याचा निरोप आला. उठवायला हवं होतं, असं माझी बायको अजून म्हणते. तिचं बरोबर असेल. पण चाचा इतके गाढ झोपले होते, की ती झोप मोडावी एवढं मोठं माझ्याजवळ बोलण्यासारखं काही नव्हतं.