सवयीची हाक

संभाजीनगरच्या क्रीडा संकुलात खो-खोच्या अंतिम सामन्याला माझ्या शेजारी पिशोरकडच्या जिल्हा परिषद शाळेचे खेळाचे सर बसले होते. त्यांच्या पोरी शहरातल्या खासगी शाळेशी खेळत होत्या. त्या शाळेची शेवटची पळणारी पोरगीही सरांनीच घडवलेली. फी माफ, बूट फुकट म्हणत तिला नववीत इकडं उचलून आणलेलं.

ती खांबाजवळ सापडणार, तोच सर ओरडले, "आत शीर गं!"

ती शिरली, वाचली. सरांची शाळा हरली.

"सर, हे काय केलंत?"

"सवय हो. पण बघा, अजून माझंच ऐकती."

तेवढ्यात ती धावत येऊन आमच्या पुढ्यातच उभ्या असलेल्या तिच्या नव्या कोचच्या पाया पडली. सरांनी आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.