मिटलेलं तोंड

"वाद्यं यंत्रातून वाजू देत, ताई, गळा मात्र माझाच हवा," असं प्यो इनसप एकदा म्हणाला होता. तेव्हा तो नुकताच इटलीहून कोरियातल्या देगू शहरी परतला होता. सात वर्षं ऑपेरा शिकून आला, आणि इथे काम नाही. मग त्या गळ्याखाली त्याने पॉपचे ड्रम घातले. गुरूंनी त्याचा फोन घेणं बंद केलं. लग्नं, गावोगावचे महोत्सव, यांत वीस वर्षं गेली. कॉलेजात त्याच्या दोन वर्षं पुढे असलेली योम उन-जू तेव्हापासून त्याचं संगीत सांभाळत होती.

या हिवाळ्याच्या तोंडावर तिला त्याच्या वरच्या सुरामागे आणखी एक आवाज ऐकू येऊ लागला. ओलं कापड फाटावं तसा. डॉक्टर म्हणाले, स्वरतंतूवर गाठ आहे. महिनाभर बोलूही नका, गायलात तर आवाज कायमचा जाईल.

"रद्द कर," पर्सिमन फळांच्या महोत्सवात मंचामागे ती म्हणाली.

"पोस्टरवर माझं थोबाड छापलंय, ताई."

"मग थोबाडच दाखव."

तो हसला. हसूही घोगरं निघालं. नासपतीचा काढा एका दमात पिऊन तो वर गेला.

"ए सूटवाल्या, जेवलास का?" पहिल्या रांगेतली आजी ओरडली. "गेल्या वर्षी तुझ्या ओरडण्याने माझा एक कान उघडला!"

"यंदा दुसरा उघडतो, आजी."

उन-जूपाशी प्रत्येक गाण्याच्या दोन ध्वनिफिती होत्या. एकीत नुसती वाद्यं. दुसरीत त्याचा जुना गळाही, सकाळी स्पीकर तपासण्यापुरता. तिने स्पीकरवाल्याला दुसरी दिली. "हीच लाव. त्याला ठाऊक आहे."

इनसपने श्वास घेतला. त्याचे ओठ उघडण्याआधीच त्याचा आवाज मैदानभर पसरला.

त्याने वळून उन-जूकडे पाहिलं. मग माइक खाली केला आणि तोंड मिटून उभा राहिला. आवाज चढत गेला. वरचा सूर लागला. स्वच्छ, कुठेही न फाटलेला. लोक टाळ्या पिटत होते.

"अगं, याचं तोंड तर बंद आहे," आजी म्हणाली. तिच्या टाळ्या थांबल्या. मग शेजारणीच्या. मग मागच्या रांगांच्या. आवाज तेवढा गात राहिला.

"बंद कर!" उन-जू स्पीकरवाल्यावर ओरडली. तो गोंधळून भलतीच बटणं दाबत होता.

इनसपने माइक जमिनीवर ठेवला. पायऱ्या उतरून तो तिच्या शेजारूनच पुढे गेला.

"इनसप, अरे, तुझ्या गळ्यासाठीच..."

तो थांबला नाही. स्वतःचं गाणं पाठीवर घेऊन फाटकाबाहेर चालता झाला.