जो तिथं जन्मला, तो तिथला

अकोल्याच्या कॉलेजात मी अमेरिकेची राज्यघटना शिकवायचो. गुलामगिरी संपल्यावर झालेली चौदावी दुरुस्ती हा माझा आवडता पाठ. फळ्यावर एकच वाक्य लिहायचो: जो तिथं जन्मला, तो तिथला. सरकार कोणाचंही येवो, हा हक्क कोणाच्या बापाला काढून घेता येणार नाही, असं टेबलावर हात आपटून सांगायचो.

आता लेक तिथं नोकरीच्या व्हिसावर आहे आणि तिला दिवस गेलेत. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बायकोनं आपल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी शिवून ठेवली, लाडवांसाठी डिंक आणून ठेवला.

परवा लेकीचा फोन आला. "बाबा, मी येत नाही. एकदा बाहेर पडले तर परत आत घेतील याचा भरवसा नाही. आणि आमच्यासारख्यांची मुलं इथं जन्मली तरी नागरिक नाहीत, असं सरकार म्हणतंय. कोर्टात वाद चाललाय. तुम्ही शिकवायचात ते टिकेल ना?"

डोकं तापलं, पण राग काढायचा कोणावर? "टिकेल," म्हणालो. वर्गात इतक्या हळू आवाजात मी कधी बोललो नव्हतो.

तेल्हाऱ्याची माझी बायको शेजारी बसून सगळं ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तिथं जन्मून तिथलं नाई, अन् इथं तं जन्मतच नाई. मंग लेकरू कोनाचं?"

मग तिनं उठून दुपटी पेटीत ठेवली आणि वर डांबरगोळ्या टाकल्या.