अळणी नवस

ईरा, मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तू मला विचारलंस, "आजी, लांब पळायच्या आधी काय प्यायचं? आमच्या शाळेची मोठी रेस आहे. आत्याला विचारलं तर म्हणाली, आजीला विचार, पाण्याचं तिला सगळं माहीत आहे." तू निरोप जसाच्या तसा सांगितलास. तेव्हा तुझी मेधाआत्या दाराशी बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही. मी तुला "लिहून पाठवते" म्हणाले आणि फोन ठेवला. हे ते लिहिणं. तुला आणि तुझ्या भावाला, अर्णवला, तुमचे बाबा वाचून दाखवतील. यातलं सगळं त्यांनाही ठाऊक नाही.

तू फार लवकर जन्मलीस. काचेच्या पेटीतला तुझा फोटो बाबांनी पाठवला, त्यात तुझा हात बाबांच्या अंगठ्याएवढा दिसत होता. मी इथे नाशिकला, तुम्ही पृथ्वीच्या पलीकडे. माझा जन्म मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेला. देवघरात दिवा लावायचा तो शिस्त म्हणून, एखादं टाइमटेबल पाळावं तसा. पण त्या दिवशी मी देवघरासमोर बसले आणि सप्तशृंगीला नवस बोलले: पोर जगू दे, तुझी ज्योत आमच्या घरचं माणूस पळत आणील. आणि नुसता नवस बोलून थांबले नाही. मनाशी आणखी कलमं जोडली. एका माणसानं पूर्ण अंतर पळायचं. त्या दिवशीचा उपवास अळणी, मिठाचा कण पोटात जाता कामा नये. देवीनं यातलं काहीही मागितलं नव्हतं. नियम जितका कडक तितकी श्रद्धा खरी, असं मला वाटत होतं. वर्गातही माझं तसंच होतं.

तू जगलीस. पेटीतून बाहेर आलीस, रांगायला लागलीस, आणि नवस तसाच राहिला. ज्योत म्हणजे काय ते सांगते. घटस्थापनेला इकडची मंडळं गडावर जातात, देवीसमोरच्या दिव्यावर मशाल पेटवतात आणि आळीपाळीनं पळत ती आपल्या गावी आणतात. त्याच ज्योतीवर घटाचा दिवा लागतो. आमच्या कॉलनीचं मंडळ पहाटे निघून संध्याकाळपर्यंत पोचतं. माझे गुडघे तर केव्हाच गेलेले. तुमच्या बाबांना रजा मिळत नव्हती. दर वर्षी मी विचारायची, दर वर्षी मिळत नव्हती. शेवटी मी विचारणं सोडलं. तोवर मेधा पळायला लागली होती. नवऱ्याचं घर सोडून ती परत आली, त्या वर्षी तिनं पहिल्यांदा बूट विकत आणले. ती काही बोलायची नाही, पळायची. बेचाळीस किलोमीटरची शर्यत पुरी करून गळ्यात पदक घालून आली तेव्हा मी तिचं कौतुक केलं का, हे मला आठवत नाही. घरात आता पाय आहेत, हा विचार मनात आला होता, तो मात्र नक्की आठवतो.

तिला सांगितलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, दिवसभर उन्हात मिठाशिवाय पळता येत नाही. घाम येतो त्यात मीठ जातं. उपासाला सैंधव चालतं ना?"

"अळणी म्हणजे अळणी."

"आणि बूट?"

"बूट घाल," मी म्हणाले. बूट माफ करणारी मी कोण, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ती हो म्हणाली. मी तयारीला लागले. कार्डशीटवर स्केचपेननं तक्ता आखला: दर पंधरा मिनिटांनी एक पेला पाणी, पुढे टिक करायला चौकोन. मासिकात कुठेतरी वाचलं होतं, पळणाऱ्यानं तहान लागायची वाट पाहू नये. तेवढंच वाचलं होतं. आदल्या संध्याकाळी तिला वरीचा अळणी भात, केळी आणि खजूर दिले. आणि आता जे सांगते ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्या कमरेच्या पट्ट्याचे खिसे मी पहाटे तपासले. आत ओआरएसच्या चार पुड्या होत्या, चपट्या, घडी करून लपवलेल्या. मी त्या काढल्या, त्या जागी खजूर भरले आणि चेन लावली. कॉपी पकडली की जसं वाटायचं तसं वाटलं, बस.

गडाच्या पायथ्याशी, नांदुरीला, ज्योत खाली आली आणि मेधा निघाली. मंडळातले बाकीचे आळीपाळीनं मशाल घेत होते, दमले की टेम्पोत बसत होते. मेधा त्यांच्याबरोबर, आपल्या पाळीला मशाल घेत, सलग पळत होती. मी जीपमध्ये, मांडीवर तक्ता, पायाशी पाण्याचे कॅन. जीप मंडळाचे भाऊसाहेब चालवत होते, सायखेड्याकडचे शेतकरी माणूस. मी पंधरा मिनिटं झाली की जीप पुढे काढायला सांगायची, पेला भरून हात बाहेर धरायची. पाचसहा वेळा झाल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "मॅडम, ठिबक लावलं का काय लेकीला? मुळं सडतील." मी हसले नाही. टिक केली.

वणीच्या पुढे ऊन चढलं. पाऊस जाऊन जेमतेम आठवडा झालेला, हवेत कोंदटपणा. मेधा म्हणाली, "आई, पोटात पाणी डुचमळतंय. आता नको." मी पेला तिच्या तोंडासमोर धरला. "तक्त्यात आहे," म्हणाले. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि प्यायली. त्यानंतर ती प्रत्येक वेळी काही न बोलता पीत गेली. मला वाटलं, आता कशी वळणावर आली. दिंडोरी मागे टाकली तेव्हा तिच्या बोटातली अंगठी रुतलेली दिसली, घड्याळाचा पट्टा मनगटात शिरला होता. मी म्हटलं, उन्हानं सुजली असेल. थोड्या वेळानं ती रस्त्याकडेला ओकली, नुसतं पाणी. मग जीपला टेकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "मॅडम, माझा पेपर राहिला." माझी मुलगी मला मॅडम म्हणत होती. मी घाबरले, आणि घाबरून मी काय केलं असेल? आणखी एक पेला भरला. पोरीच्या अंगात पाणी उरलं नाही, ओकलं ते भरून काढलं पाहिजे, इतकंच मला सुचलं.

पेला तिच्या ओठांना लागायच्या आत कुणीतरी तो माझ्या हातातून हिसकावून फेकला. बाजूच्या द्राक्षबागेत छाटणी चालली होती आणि मजूर बाया बांधावर भाकरी खायला बसल्या होत्या. त्यांच्यातली एक, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, पेठ तालुक्याकडची असावी, कासोटा घातलेली, छाटणीची कात्री कमरेला तशीच. मी तिला काही विचारायच्या आत तिनं मेधाला खाली बसवलं, तिची बोटं दाबून पाहिली.

"किती पाणी पाजलं हिला?"

"दर पंधरा मिनिटांनी..."

"अन् भाकर?"

"उपवास आहे."

"मीठ?"

"अळणी."

तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं माझ्याकडे आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. "आमचा दीर असाच गेला," ती म्हणाली. "खडी फोडायला होता. उपाशी पोटी पाणी पीत राह्यला, पीत राह्यला, मंग येडावाणी बोलाया लागला, मंग फेफरं आलं. डाक्टर म्हणला, मीठ धुऊन गेलं आंगातलं." बोलता बोलता तिनं फडक्यातली मिठाची पुडी सोडली, भाकरी-मिरचीबरोबर खायची, आणि चिमूट घेऊन मेधाच्या तोंडाकडे हात नेला.

ईरा, मी तो हात धरला. मी म्हणाले, "नको, तिचा अळणी उपवास आहे."

"नवस हिचा का तुझा?"

"माझा."

"मंग तू पळ," ती म्हणाली, आणि माझा हात झटकून तिनं मीठ मेधाच्या जिभेवर ठेवलं.

भाऊसाहेबांनी मेधाला जीपमध्ये घेतलं. ती बाई न विचारता मागे चढली. कॅन तिनं खाली फेकून दिले. नाशिकच्या अलीकडे मेधाला झटका आला. दात आवळले, डोळे फिरले. मी तक्ता हातात धरून बसले होते. त्या बाईनं तिला कुशीवर वळवलं, डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि "हाय, हाय, मी हाय," एवढंच पुटपुटत राहिली. दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर आल्यावर ती उतरली. मी वळून पाहीपर्यंत तिची पाठ गेटबाहेर गेली होती. नावसुद्धा विचारलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते. किती पाणी प्यायल्या, त्यांनी विचारलं, आणि मी तक्ता पुढे केला. सगळे चौकोन भरलेले. त्यांनी तो ओळीओळीनं वाचला. "इतकी नीट नोंद आम्हाला कुणी देत नाही," ते म्हणाले, आणि क्षणभर, खरं सांगते, मला बरं वाटलं. मग ते म्हणाले, "रक्तातलं मीठ फार खाली गेलंय. मेंदूला सूज आहे. आणखी दोनतीन पेले गेले असते तर इथवर पोचल्या नसत्या. पाणी कुणी थांबवलं?"

आयसीयूच्या बाहेर बसले असताना मंडळाचा फोन आला. ज्योत पोचली, घट बसला, मॅडम आरतीला येणार ना? माझ्या नवसातली ज्योत माझ्याशिवाय, मेधाशिवाय पोचली होती. मशाल इतरांच्या हातांत जात जात आपोआप आली होती, दर वर्षी येते तशी. तेव्हा मी पहिल्यांदा देवीला शिव्या दिल्या. तुमची आजी शिव्या देते हे तुम्हाला खरं वाटणार नाही. म्हटलं, एवढ्या भक्तीचं हे फळ? आणि म्हणता म्हणताच कळलं की भक्ती कसली, मी तर तिला सूचना देत होते. पोर देतेस तर अशी दे, ज्योत घेतेस तर अशी घे.

मेधा पाचव्या दिवशी घरी आली. महिनाभर शब्द अडखळायचे, नंतर तेही गेलं. आमच्यात मात्र पुष्कळ काही गेलं ते परत आलं नाही. ती माझ्या हातचं जेवते, पण पाणी स्वतः भरून घेते. घोटभरसुद्धा मी दिलेलं पीत नाही. तिनं ते प्यावं असं म्हणायचं धाडसही मी करत नाही.

दुसऱ्या वर्षी छाटणीच्या दिवसांत भाऊसाहेबांना घेऊन मी त्याच बागेकडे गेले. साडी आणि पेढे घेतले होते. ती तिथेच होती. मी तिच्या पाया पडायला वाकले तर ती मागे सरकली. मी म्हणाले, "देवीच आली होती तुमच्या रूपानं." ती हसली, पण हसणं गोड नव्हतं. "देवी कशाला येईल? मी भाकर खात बसले होते. तू पोरीला मारत होती, ते दिसलं." साडी तिनं घेतली नाही. पेढे बायांत वाटून टाकले. मेधा कशी आहे ते विचारलं, पळते म्हटल्यावर मान हलवली आणि कात्री उचलून ओळीत शिरली. जीपमध्ये मी रडले. मला चमत्कार हवा होता, म्हणजे माझी चूक त्यात झाकली गेली असती. तिनं मला तो दिला नाही. त्या बाईच्या तोंडून जे आलं ते कुणाचं बोलणं होतं, याचा वाद मी आता घालत नाही. सकाळी दिवा लावताना तीच नजर डोळ्यांसमोर येते, आणि मी हात जोडते.

गेल्या वर्षी मी मेधाला पुड्यांचं सांगितलं. तिच्या पलंगाशी उभी राहून, वर्गात चूक कबूल करणाऱ्या मुलीसारखी. ती टॉवेलची घडी घालत होती.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"कधी कळलं?"

"तेव्हाच. पट्टा बांधला तेव्हा हाताला पुड्या लागल्या नाहीत, खजूर लागले."

"मग पळालीस कशाला?"

"तुझा नवस होता, आई." तिनं घडी पुरी केली, कपाटात ठेवली. "मला वाटलं, एवढं केलं की तू थांबशील."

देवाला शरण जाणं म्हणजे काय ते मी कित्येकदा फळ्यावर लिहून समजावलं असेल. माझ्या घरात ते एकीनंच केलं होतं, आणि तिनं ते माझ्यासारख्या बाईपुढे केलं. देवीनं ते स्वीकारलं नाही, परत पाठवलं, जिवंत. याबद्दल मी तिची जन्माची ऋणी आहे. पण त्या कृतज्ञतेची चव कडू आहे, आणि ती कडूच राहावी असं मला वाटतं.

तर ईरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. रेसच्या आधी नीट जेव. तहान लागली की पी, नसेल लागली तर कुणीही पेला पुढे केला तरी पिऊ नकोस, मोठ्या माणसानं केला तरी. लांब पळायचं असेल तर पाण्यात मीठ-साखर-लिंबू घाल, आणि बरोबर काहीतरी खारट खायला ठेव. बोटं सुजली, डोकं दुखलं, मळमळलं तर थांब आणि सांग. आणि तुझ्या जन्मापायी कुणी काही बोललं होतं म्हणून तुझ्यावर कशाचाही भार नाही. तो माझा होता.

मेधा आता रोज सकाळी गोदाकाठाकडे पळायला जाते. निघण्याआधी ती ओट्याशी उभी राहून बाटली भरते, लिंबू पिळते, मीठ घालते. मी स्वयंपाकघरातच असते. बरणीचं झाकण तेवढं आधी उघडून ठेवते, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसते. ती जाईपर्यंत हात तिथून हलवत नाही.